डावी गाठ

२ सप्टेंबर, पोळा

ही डायरी सुग्रीवनं दिली. सुग्रीव म्हणजे बियाण्याच्या कंपनीचा माणूस, आठवड्याला मोटारसायकलवर येऊन मिरचीचं शेडनेट पाहून जातो. म्हणला, काकू, फवारणी कव्हा केली, खत कव्हा सोडलं, हिच्यात लिहून ठेवत जा. मी म्हणले, मी चौथी शिकलेली बाई, मला काय लिहायला लावतो. म्हणला, चौथी बस झाली.

तर लिहिते. फवारणी काल केली. झालं.

बाकीचं पान रिकामं कामून सोडायचं. मनातलं लिहिते. बोलायला गेलं तर लोक मधी बोलत्यात, कागद गप बसतो.

डायरी मात्र भंगार दिली. आत रेघाच न्हाईत. तृप्तीला म्हणले, एवढी मोठी कंपनी आन् रेघा मारायला शाई पुरली न्हाई का. ती म्हणली, मम्मी, रेघा हायेत की. असतील तिला. मी आपली अंदाजानं मोठं मोठं लिहिते.

यंदा नेट माझं हाये. माझ्या नावावर, माझ्या वावरात. तृप्ती पाळण्यात व्हती तव्हापासून दुसऱ्यांच्या शेडनेटात मिरचीचं क्रॉसिंग केलं. गावात कुणाचंबी नवीन नेट सुरू झालं की पहिली कळी बेबीनंदाच्या हातानं उघडायची, असं झाल्तं. लोक मला मालकाच्या नावानं वळखत न्हाईत, हातानं वळखत्यात. आता तो हात माझ्या सोतासाठी चालणार.

मालक म्हणजे तृप्तीचे पप्पा, नाव काकासाहेब. ते म्हणले, जमंल का. मी म्हणले, तुम्ही गाय पिळा, बाकीचं मी पाहते.


६ सप्टेंबर

क्रॉसिंग सुरू. नारळ फोडला. सुग्रीव नव्या बायांना शिकवून राह्यला व्हता, पण लई घोळून बोलतो, म्हणून मीच सांगितलं. उद्या फुलणारी कळी आज दुपारून चिमट्यानं उघडायची. आत बारीक निळसर दाणे असत्यात, तो नर. ते सगळे काढायचे. मधी एक काडी राहती, ती मादी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या जातीच्या फुलाची पावडर लावायची. ती पावडर बोटातल्या अंगठीत भरलेली असती, खड्याच्या जागी खळगा असतो त्यात. मंग देठाला लोकरीचा धागा बांधायचा, म्हणजे हे फळ आपल्या हातचं. नराचा एक जरी दाणा आत राह्यला तर कळी आपली आपणच धरती आन् बी भेसळीचं निघतं. तसली फळं सापडली तर कंपनी सगळं नेट बाद करती. मंग वर्ष गेलं, आन् नाव तर कायमचंच गेलं.

हरेक बाईचा धागा निराळा. माझा पिवळा, पहिल्यापासून. दैवशालाचा लाल.

दैवशाला माझी मैत्रीण. दोघी हसनाबादच्या, एका गल्लीतल्या, या गावात बी एकामागं एक दिल्या. ती डावखुरी. लहानपणी तिची आई जेवताना तिचा डावा हात पदरानं बांधून ठेवायची, तरी पोरगी सुधारली न्हाई. माझ्या वेणीची रिबिन ती बांधायची तर गाठ उलटीच वळायची, मी शाळेत पोचेपोस्तर सोडून पुन्हा बांधायची. धाग्याची गाठ बी तिची तशीच. डोळे झाकून बोट लावलं तरी सांगीन, ही दैवशीची.

तिला नेटाची मुकादम केलं. माझ्याखाली. ती म्हणली, "तुझ्याखाली तर मी जन्मापासून हाये, पगार आता सुरू झाला." सगळ्या बाया हसल्या. मी बी हसले, पण थोडीच.

तृप्तीबी लागली कामाला. बारावी झाली, भोकरदनच्या कालिजात नाव हाये, जाती आठवड्यातून दोनदा. म्हणली, मला माझा निराळा धागा दे. मी म्हणले, माझी पोरगी, माझाच धागा. पिवळा घे आन् गप बस.


११ सप्टेंबर

महालक्ष्म्या बसल्या. साडीच्या निऱ्यांना टाका घालायचा व्हता तर सुईचं नाकच बुजलेलं. दुसरी घेतली, ती बी तशीच. आजकाल सुया बी नीट बनवत न्हाईत. तृप्तीनं थुंकी लावून एका दमात दोरा ओवला. लगेच म्हणली, "दैवशाला मावशी म्हणती, दोरा तिरपा कापावा."

मी म्हणले, "मावशीला म्हणावं, मला सुई शिकवू नको."

जेठी-कनिठी शेजारी शेजारी उभ्या. दोघींना सारखी साडी, सारखा हार, एकीला जास्त न्हाई, एकीला कमी न्हाई. बरंय त्यांचं.


१४ सप्टेंबर

यंदा कळ्या बारीक हायेत. सुग्रीवला म्हणले, रोप कसलं दिलं. तो म्हणला, काकू, मागल्यासारखंच रोप हाये. पोरगं खोटं बोलतं. नेटाचा कपडा बी गडद आणला मालकांनी, आत उजेडच न्हाई. त्यांना सांगितलं तर म्हणले, त्याच दुकानचा, त्याच रंगाचा हाये. मला सगळे खोटं पाडून राह्यलेत.

तृप्तीचं काम मात्र चांगलं. मी भाकरी, शेणकूर करून नेटात पोचते तोवर तिनं माझ्या ओळीतल्या निम्म्या कळ्यांना पावडर लावून धागा बांधलेला असतो. हुशार हाये. माझ्यावर गेली.

फक्त एक गोष्ट डोक्यात बसली. तिनं बांधलेल्या गाठीला बोट लावलं तर गाठ डावीकडं वळलेली. मी म्हणले, ही कसली गाठ. म्हणली, मावशीनं शिकवली, पक्की बसती. पोरगी उजव्या हाताची आन् गाठ डाव्या हाताची. घरात शिकवणारी आई बसलीय, ती दिसली न्हाई.


१८ सप्टेंबर

आज दैवशाला जेवताना म्हणली, "बेबे, भोकरदनला डोळ्यांचं शिबिर हाये. चल, दोघी जाऊ."

"तुला जायचं तर जा."

"दोघी जाऊ की. माझे बी तपासू."

"मला काय झालं? म्हातारी तू झाली अशील."

कामावरची केशरबाई तिथंच डबा खात व्हती. तिला हसायला कारण लागत न्हाई. दैवशालानं भाकरीचा तुकडा मोडला आन् खात राह्यली. चारचौघीत मला म्हातारी ठरवायची व्हती तिला. मुकादम केलं तर डोक्यावर बसली. तिच्याशी आज बोलले न्हाई. उद्या बी बोलणार न्हाई.


२१ सप्टेंबर

लिहायला बसले कारण डोकं तापलंय.

तृप्ती आन् दैवशाला सारख्या कुजबुजत्यात. मी गेले की गप. काल पाण्याच्या ड्रमामागं उभ्या व्हत्या. तृप्तीचे डोळे लाल. मी विचारलं, काय झालं, तर म्हणली मिरचीचा हात लागला. दैवशालानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या देखत. अंबाडा बी तिच्यासारखा बांधायला लागली पोरगी, मानेवर. हसती बी तिच्यासारखी, तोंडावर पदर नसताना पदर धरल्यासारखा हात नेऊन. दिवसभर मावशी म्हणती, मावशी म्हणती. मी काय म्हणती ते कुणी सांगत न्हाई.

दैवशालाला दोन पोरं, दोघं पुण्याला. पोरगी न्हाई तिला. म्हणून माझी धरून बसली.

मला काही जळायबिळायची सवय न्हाई. मी कुणावर जळत न्हाई. काम बराबर व्हावं एवढंच माझं म्हणणं. म्हणून आज दैवशालाला नेटाच्या पल्याडच्या टोकाला टाकलं आन् तृप्तीला अल्याड. दैवशाला म्हणली, "तिकडं ऊन लई लागतं." मी म्हणले, "लागू दे."

माझ्या ओळीत एक-दोन गाठी डाव्या लागल्या बोटाला, पार कडेच्या झाडांवर. तिथवर तर तृप्ती जात न्हाई. गेली असंल.


२४ सप्टेंबर

दैवशालाला काढून टाकलं.

सगळं लिहिते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बेबीनंदा उगाच भांडली.

आज मालकांनी लवकर गाय पिळली, म्हणून मी जल्दी निघाले. नेटाची चेन उघडून आत गेले तर दैवशाला माझ्या ओळीत. उकिडवी बसलेली, डाव्या हातात माझा पिवळा धागा. बाजूला मूठभर कळ्या तोडून टाकलेल्या. माझ्या कळ्या, मी काल दुपारून उघडलेल्या. तृप्ती तिच्यामागं पिशवी धरून उभी.

मी म्हणले, "काय करून राह्यली?"

"कळ्या पाहून राह्यले."

"पाहून का तोडून?"

"काही खराब व्हत्या."

"माझ्या हातच्या? खराब?"

तिनं तृप्तीकडं पाह्यलं आन् तृप्तीनं तिच्याकडं. तेच मला लागलं. माझ्या पोरीनं माझ्याकडं पाहायचं सोडून तिच्याकडं पाह्यलं.

तोवर बाकीच्या बाया आल्या. मी म्हणले, "तुझं सोताचं नेट व्हईना म्हणून माझं बुडवायला निघाली व्हय? माझा धागा घेऊन माझ्याच ओळीत शिरती?"

दैवशाला म्हणली, "बेबे, नंतर बोलू. बाया हायेत."

"बाया हायेत म्हणूनच बोलते. चालती हो."

तृप्ती म्हणली, "मम्मी, ऐक तर."

दैवशालानं तिला डोळ्यानं दाबलं. माझ्या पोरीला, माझ्यासमोर, डोळ्यानं दाबती. उठली, अंगठीतली उरलेली पावडर डबीत परत झाडली, झाकण लावलं, अंगठी ड्रमावर ठेवली आन् गेली. जाताना एक कण वाया जाऊ दिला न्हाई. असली नाटकं मला कळत्यात.

तृप्तीला ताकीद दिली. माझ्या ओळीत पाय ठेवायचा न्हाई. तुझी ओळ तू कर.


२७ सप्टेंबर

दैवशालाविना नेट बराबर चालतंय. कुणाचं अडत न्हाई. माझ्या ओळी मी एकटीच करते, वेळ लागतो, लागू दे.

तृप्ती बोलत न्हाई. विचारलं तर हूं म्हणती. जेवताना मालकांच्या दाताखाली खडा आला. म्हणले, "तांदूळ निवडले न्हाई का?" मी म्हणले, निवडले, दुकानदार हलकट हाये. तृप्ती ताटावरून उठली आन् पातेल्यातला भात परातीत काढून गुपचूप खडे वेचत बसली. पाच-सहा काढले तिनं. मला दाखवले न्हाईत, चुलीत टाकले. हे पाहून मला आणखीनच राग आला. का ते कळलं न्हाई.

पहिल्यांदाच असं झालं की दिवसभरात मी कुणाला बेबे म्हणताना ऐकलं न्हाई. बाकी सगळे काकू म्हणत्यात, मम्मी म्हणत्यात, मालक तर अगं म्हणत्यात.

हिशोबापुरतं: फवारणी परवा केली.


३० सप्टेंबर

सुग्रीव आल्ता. दर वेळी आम्ही उघडलेल्या कळ्या तो भिंगातून पाहतो, कुठंबी थांबून. आज माझ्या ओळीत थांबला. एक कळी पाह्यली. दुसरी पाह्यली. मंग तिथंच खाली बसला.

"काकू, ही ओळ कुणाची?"

"माझी."

"तुमची नसंल."

"पिवळा धागा दिसत न्हाई का तुला?"

त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. मी पाह्यलं. भिंगात ती काडी केवढी दिसली, आन् तिच्या बुडाशी दोन निळे दाणे चिकटलेले. फुटलेले. पावडर सांडलेली. म्हणलं ही एक चुकली असंल. दुसरी दाखवली. तिच्यात तीन. तिसरी चांगली व्हती. चौथीत पुन्हा. मी भिंग घेऊन सगळी ओळ चालले. गुडघे दुखले तरी चालले.

सुग्रीव म्हणला, "काकू, मला वर सांगावं लागंल. पिवळ्या धाग्याचं सगळं फळ तोडा, न्हाई तर नेट बाद. आज मी काही लिहीत न्हाई. परवा येतो."

पिवळ्या धाग्याचं सगळं. म्हणजे निम्मं नेट.

मी नेटातच बसून राह्यले. बाया गेल्या. तृप्ती आली आन् समोर बसली. म्हणली, "मम्मी, तुला दिसत न्हाई."

मी म्हणले, "तोंड सांभाळ."

"न्हाई सांभाळत. तुला जवळचं दिसत न्हाई. सुई दिसत न्हाई, खडे दिसत न्हाईत, डायरीतल्या रेघा दिसत न्हाईत. पहिल्या दिवसापासून तुझ्या कळ्यांत नर राहून राह्यला. मी आन् मावशी रोज सकाळी तुझ्या आधी येऊन साफ करत व्हतो. ज्या फुटल्या त्या तोडत व्हतो. चांगल्यांना पावडर लावून तुझाच धागा बांधत व्हतो. तू मावशीला हाकललं, मला ओळीत येऊ दिलं न्हाई. मंग कोण करणार?"

एवढं बोलताना पोरगी रडली न्हाई. माझ्या डोळ्यात पाहून बोलली. लहानपणी मी रागावले की ती मालकांच्या मागं लपायची. आज मागं कुणी नव्हतं आन् ती हलली न्हाई.

मी म्हणले, "मला सांगायचं व्हतं."

"तू ऐकलं असतं?"

घरी येऊन हे लिहून राह्यले. अक्षरं अंदाजानं काढते हे आज मला कळून राह्यलं.


१ ऑक्टोबर

सकाळी दैवशालाच्या घरी गेले. चुलीवर भाकरी टाकत व्हती. ये म्हणली न्हाई. मी उंबऱ्यावर बसले.

"काय पाहिजे?"

"चल नेटात."

"मला दुसरीकडं काम लागलं."

"खोटं. तुझी अंगठी माझ्याकडं हाये."

"अंगठ्या ढीग मिळत्यात."

तिनं दुसरी भाकर थापली. डाव्या हातानं. मी म्हणले, "मला सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं की. शिबिराला चल म्हणले."

"असं आडून कशाला. सरळ म्हणायचं, बेबे, तू आंधळी झाली."

"बायांपुढं म्हणू? का तुझ्या घरी येऊन म्हणू? सगळ्या गावात तुझ्या हाताचं नाव. मी म्हणायचं की तो हात गेला? मंग तू काय केलं असतं, माझ्या पाया पडली असती का मला चिमटा फेकून मारला असता?"

"चिमटा."

"मंग."

मंग मी जे विचारायला गेल्ते ते विचारलं. "माझ्या पोरीला यात कामून ओढलं? आईच्या मागं तिला लपवालपवी शिकवली."

दैवशालानं तवा खाली उतरवला. म्हणली, "मी ओढलं? पहिल्याच दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडं आली. रडत. म्हणली, मावशी, मम्मीच्या कळीत नर राहून राह्यला, सुग्रीव भाऊला दिसला तर मम्मीचं कसं व्हईल. कुणाला सांगू नको आन् मला शिकव, मी करते तिच्या ओळी. मी शिकवलं. तुझी पोरगी दिवसभर माझ्यापाशी येऊन दुसरं काहीच बोलली न्हाई, बेबे. तुझंच बोलायची. मला कंटाळा आला तुझं ऐकून."

ड्रमामागं, ओळीच्या टोकाला, कुजबुजत, सगळं माझंच चाल्लं व्हतं. मी म्हणले, "तुझी भाकर करपली."

"करपू दे. तुझ्या घरी खडे खात्यात, आम्ही करपलेलं खाऊ."

म्हणजे तृप्तीनं तेबी सांगितलं.

मंग तिला सुग्रीवचं सांगितलं. पिवळं सगळं तोडावं लागतंय, न्हाई तर नेट बाद. ती म्हणली, "अगं, त्यातलं निम्मं मी आन् तृप्तीनं बांधलेलं हाये. ते चोख हाये." म्हणली, "पण धागा एकच. वळखायचं कसं?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाह्यलं. तिला बी तव्हाच सुचलं असंल. मी माझं बोट पुढं केलं. म्हणले, "तुझी गाठ उलटी हाये. तिची बी तूच उलटी करून ठेवली."

दैवशाला म्हणली, "हात धुऊ दे."


२ ऑक्टोबर

दिवस उजाडताच सुरू केलं. मी, दैवशाला, तृप्ती. सुग्रीवला बी बोलावून घेतलं, म्हणजे मागून शंका नको. त्याला दाखवलं. हे पाह्य, पीळ डावीकडं, ही ठेवायची. हा पीळ उजवीकडं, ही माझी, ही तोडायची. त्यानं बऱ्याच डाव्या गाठींची फळं तपासली, ज्या ताज्या कळ्या व्हत्या त्या बी पाह्यल्या. म्हणला, डाव्या गाठीचं राहू द्या. उजव्याचं एक बी ठेवू नका.

डोळ्याचं काम नव्हतं, म्हणून मी सगळ्यात पुढं व्हते. देठावर बोट ठेवायचं, गाठ चाचपायची. डावी, सोडायची. डावी, सोडायची. उजवी, तोडायची. हात सरावला की डोकं चालत न्हाई, बरं वाटतं. पण उजवी गाठ बोटाला लागली की दर वेळी कळायचं, ही मी बांधली व्हती. काही फळं बोटाएवढी झाल्ती, हिरवीगार, भरलेली.

दैवशाला एका झाडापाशी थांबली. म्हणली, "बेबे, ही तुझी चांगली झालेली दिसती. ही आम्ही साफ केलेली आठवती मला. राहू दे."

"गाठ कुणाची?"

"तुझी."

"तोड."

"अगं पण..."

"खात्री न्हाई ना? तोड. माझ्या नेटात अंदाज चालायचा न्हाई."

केशरबाई पलीकडून पाहत व्हती. आज हसली न्हाई. दुपारून तीच पिशव्या बांधावर रिकाम्या करून आली. एवढा ढीग झाला की गाय पिळून आलेले मालक बांधावर उभे राह्यले आन् काही बोलले न्हाईत. माणूस तसा समजदार हाये.

सुग्रीव म्हणला, फूल अजून येतंय, दसऱ्यापर्यंत क्रॉसिंग ओढता येईल, मेहनत केली तर जागा भरून निघंल. मी म्हणले, मेहनत सोडून दुसरं येतं काय आम्हाला.

सगळ्या बायांना एका जागी उभं केलं आन् सांगितलं. चष्मा येईपोस्तर मी कळी उघडणार न्हाई, फक्त पावडर लावीन, ती काडी मोठी असती. चष्मा आला तरी माझी ओळ दैवशाला तपासणार. रोज. सगळ्यांदेखत. सकाळी लपून न्हाई. आन् त्या दिवशी मी तिला जे बोलले ते चूक व्हतं.

दैवशाला म्हणली, "पगार वाढव मंग."

बाया हसल्या. मी बी हसले. या वेळी थोडी न्हाई.

अंगठी तिला परत दिली. तिनं ती डाव्या हाताच्या बोटात घातली आन् कामाला लागली.


५ ऑक्टोबर

काल तिघी भोकरदनला गेलो. यष्टीत जागा न्हाई म्हणून उभ्यानं. चष्म्याच्या दुकानातल्या पोरानं यंत्रात पाहायला लावलं, मंग भिंगं बदलून बदलून घातली. आता कसं, आता कसं. एका भिंगाला सगळं एकदम जागच्या जागी बसलं. मी पहिल्यांदा माझे हात पाह्यले. नखात हिरवं बसलेलं, बोटांवर भेगा. मंग दैवशालाकडं पाह्यलं.

म्हणले, "दैवशे, तुझ्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या कव्हा पडल्या?"

तिनं दुकानातला आरसा उचलला आन् माझ्यापुढं धरला. म्हणली, "आता बोल."

येताना लोकरीच्या दुकानात गेलो, धागा संपला व्हता. तृप्ती म्हणली, मम्मी, आता तरी मला माझा धागा घेऊ दे. मी म्हणले घे. मला वाटलं, लाल घेणार. मन घट्ट करून उभी राह्यले, म्हणलं घेऊ दे, तिला आवडतो तर घेऊ दे. दुकानदारानं लाल बी काढला, पिवळा बी काढला. तिनं दोन्ही बाजूला सारले आन् मागच्या कप्प्यातला जांभळा मागितला.

दैवशाला म्हणली, "जांभळा? वाईट दिसतो, पानांत उठून दिसत न्हाई."

मी म्हणले, "लई काळपट हाये."

तृप्ती म्हणली, "तुम्हा दोघींना आवडला न्हाई ना. मंग हाच."

तिथं दुकानदार बी हसला. आम्ही दोघी एकमेकींकडं पाहत राह्यलो.


१२ ऑक्टोबर, दसरा

क्रॉसिंग आज संपलं. झेंडू बांधला नेटाच्या चेनीला. सुग्रीवनं शेवटचं तपासलं, भिंगातून बराच वेळ. उठून म्हणला, काकू, नेट पास होईल असं मला वाटतं, बाकी बियाणं पेरून पाहतील तव्हा पक्कं कळंल. मी म्हणले, वाटून घेऊ नको, पाहून सांग. तो म्हणला, पाह्यलं काकू, म्हणूनच म्हणलं.

माझ्या ओळीत दैवशालानं या दिवसांत दोनदा चूक काढली. दोन्ही वेळा भांडण झालं. दोन्ही वेळा तिचं बराबर निघालं.

संध्याकाळी चष्मा लावून एकटीच नेटातून फिरले. पिवळे धागे, लाल धागे, आन् मधी मधी जांभळे. उठून दिसत न्हाईत हे खरं, पण हायेत. एका जांभळ्या गाठीला बोट लावून पाह्यलं. पोरगी उजव्या हाताची, रंग तिचा सोताचा, आन् गाठ डावीकडंच वळलेली. असू दे. पक्की बसती.

सोनं द्यायला दैवशाला आल्ती. आपट्याचं पान माझ्या हातात ठेवून म्हणली, "तुझा चष्मा पुस, धूळ बसली." पदरानं मीच पुसला.

आता ती गेल्यावर ही डायरी काढली. चष्मा लावून पहिल्यापासून पानं उलटली. प्रत्येक पानावर रेघा हायेत. फिकट निळ्या, बारीक, सरळ. माझी अक्षरं त्यांच्यावरून आडवी, खाली-वर, कुठंबी पळालेली.

हे आजचं पान मात्र रेघेवर लिहून राह्यले.